जपानचं पाणी

मला जपानी येत नाही. मी मराठीत एम. ए. केलंय. तरी बाटल्यांवर काय लिहिलंय ते वाचायला सुकन्यानं मलाच बोलावलं.

"तू साहित्याची ना," ती फोनवर म्हणाली. "मग ये आन वाच."

दिवाळी नुकतीच झाली होती. मिरजगावात हायवेलगत, खतांच्या दुकानाच्या वर तिचं पार्लर आहे. मी गेले तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं. सुकन्या आरशाकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. गाडीवर जाताना मुली बांधतात तशी ओढणी तोंडाला बांधलेली. मला वाटलं, आत्ताच बाहेरून आली असेल. मग तिनं ओढणी सोडली.

मी दोन-तीन महिन्यांनी तिला बघत होते. गाल भाजल्यासारखे लाल. कातडीचे पापुद्रे सुटलेले. ओठांच्या कडेला चिरा. डोळे तेवढे तिचे राहिले होते.

"हसवू नको म्हणजे झालं," ती म्हणाली. "हसलं की चिरा फुटतात."

मला हसवण्यासारखं काही सुचलंही नसतं.

झालं होतं असं. सुकन्या पाच-सहा वर्षं एक क्रीम लावत होती. गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी पांढरी ट्यूब. खरं तर ते खरजेवरचं औषध. पण चेहऱ्याला लावलं की आठवड्यात रंग उजळतो, हे तिच्या पार्लरच्या क्लासमधल्या मुलींना माहीत होतं. तिथून ते तिला कळलं. श्रावणात ती आजारी पडली आणि चार दिवस क्रीम लावलं नाही. चेहऱ्यानं पेट घेतला. नगरच्या कातडीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. म्हणाले, यात स्टिरॉइड आहे. आजपासून बंद. बंद केल्यावर आधी वाढेल, मग हळूहळू उतरेल. वर्षही लागेल. तोवर कातडीला फक्त ओलावा द्यायचा. तोंड धुवायचं पाणीसुद्धा उकळून गार केलेलं. आणि परत एकदा जरी ते क्रीम लावलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं सांगून ती म्हणाली, "आन माघात आरतीचं लग्न हाय."

त्याचा अर्थ मला सांगावा लागला नाही. आरती काकासाहेबांची मुलगी. खतांचं दुकान काकासाहेबांचं, वरचा गाळाही त्यांचाच. आरतीचा मेकअप सुकन्या करणार हे वर्षभरापूर्वी ठरलं होतं. त्या लग्नाला सगळा तालुका येणार. नवरी बघून पुढच्या नवऱ्यांची कामं ठरतात. पण नवरीच्या आधी लोक नवरीला सजवणारीचं तोंड बघतात.

"माझं तोंड हीच माझी पाटी," ती म्हणाली. "दुकानाची पाटी जळलीय. लग्नापर्यंत ती नीट करायची. क्रीम न लावता."

सुकन्याची आणि माझी ओळख कॉलेजातली. ती पाथर्डीकडची. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला कोल्हारकडे जायचे, पोरगी बरोबर. वडील गेल्यावर आई झुंबरबाई मिरजगावात भावाच्या आधारानं राहिली आणि सुकन्याची शाळा सलग झाली. उसाच्या पानाला बारीक करवत असते. झुंबरबाईंच्या गालांवर त्याच्या रेघा अजून आहेत. सुकन्या लहानपणी चैत्रात ऊसतोडीहून मामाकडे यायची तेव्हा मामी म्हणायची, "आलं गं डांबर." हे सुकन्यानं मला कॉलेजात विनोद म्हणून सांगितलं होतं. मी हसले होते. तीही हसली होती.

दुसऱ्या वर्षाला तिनं कॉलेज सोडलं आणि पार्लरचा क्लास केला. मी पुस्तकं वाचत राहिले. मी पदवी घेऊन घरी बसले तेव्हा ती चार नवऱ्यांचे मेकअप करून आली होती. तोवर ती गोरीही झाली होती. मामी तिला सुकन्याताई म्हणायला लागली होती.

एक गोष्ट तिनं मला त्याच दिवशी सांगितली. ते क्रीम ती दुसऱ्या दोन क्रीममध्ये कालवून छोट्या डब्यांतून गिऱ्हाइकांनाही द्यायची. चांगलं वाटलं म्हणून द्यायची. डॉक्टरांकडून आली त्याच आठवड्यात ती ओढणी बांधून घरोघर गेली. दारात ओढणी सोडून चेहरा दाखवला आणि म्हणाली, हे असं होतं, लावू नका. काही बायकांनी क्रीम सोडलं आणि त्यांचे चेहरे लाल झाले. त्या तिला शिव्या घालू लागल्या. काहींनी सोडलंच नाही. आरती त्यांतली एक.

"लग्न झाल्यावर सोडते ना ताई," आरती म्हणाली होती. "आत्ता कशाला?"

आता बाटल्यांचं.

सुकन्याच्या मामाचा मुलगा हर्षल सुप्याला एका जपानी कंपनीची गाडी चालवतो. दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असते, घरची माणसं बोलावतात. तो सुकन्याला घेऊन गेला. तिथं एका साहेबांची बायको आली होती. वयानं आपल्या आयांएवढी. सुकन्या म्हणाली, "तिचं तोंड कसं हुतं सांगू? भिजलेल्या साबुदाण्यावानी. आतून ओलं."

जेवणानंतर ती बाई नळावर तोंड धुवायला आली. सुकन्याही तिथंच होती, ओढणी सोडून गालांवर पाणी मारत. बाईनं तिच्याकडे बघितलं. पर्समधून छोटी बाटली काढली. सुकन्याच्या तळहातावर थोडं ओतलं. मग तिचे दोन्ही हात धरून तिच्याच गालांवर टेकवले आणि वरून हळूहळू दाबले. घासलं नाही.

"आग झाली न्हाई," सुकन्या मला म्हणाली. हे वाक्य तिनं दोनदा म्हटलं. "डॉक्टरच्या मलमानं झाली, खोबऱ्याच्या तेलानं झाली, कोरफडीनं झाली. त्यानं न्हाई झाली."

म्हणून जपानी. त्यापलीकडे दुसरं कारण नव्हतं.

त्या दुपारी आम्ही तिच्या मोबाईलवर बाटल्या निवडल्या. हे काम इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. एकाच बाटलीचे तीन प्रकार. हलकी ओल, ओल, दाट ओल. कुणात तांदूळ, कुणात जवासारखं एक धान्य, कुणात कातडीत पाणी धरून ठेवणारं काहीतरी. माझ्या मोबाईलचा कॅमेरा त्या फोटोंवरच्या अक्षरांवर धरला की खाली मराठी उमटायचं. एका बाटलीवर उमटलं, "आपल्या गालाला पावसाळी तळ्याचे समाधान द्या."

"हे तुझ्या कॉलेजातलं कुणी लिहिलंय का गं मास्तरीण?" सुकन्या म्हणाली आणि तिनं पटकन ओठ दाबून धरले. हसू आलं होतं. चीर फुटली, रक्ताचा ठिपका आला.

तिनं निवडण्याचे आपले नियम केले होते. वास नको. अल्कोहोल नको. आणि उजळपणा नको. जपानीत गोरेपणासाठी दोन चौकोनी अक्षरं एकत्र येतात, ती तिनं ओळखायला शिकून घेतली होती. स्क्रीनवर ती दिसली की बोटानं झटकन पुढं सरकवायची. सापावरून उडी मारावी तशी. आयुष्यभर जे शोधलं ते टाळण्यासाठी ती एका परक्या भाषेतली दोन अक्षरं शिकली होती. 

शेवटी तीन वस्तू ठरल्या. तोंड धुवायचा मऊ फेस. ते पाण्यासारखं लोशन. आणि त्यावरून लावायचं दुधासारखं पातळ क्रीम. आधी पातळ, मग दाट. लोशन तळहातावर घ्यायचं, दाबायचं, थोपटायचं, जिरू द्यायचं, परत घ्यायचं.

"आपन आयुष्यभर घासतो," ती म्हणाली. "स्क्रब, मसाज, ब्लीच. मी बायकांची तोंडं भांड्यावानी घासलीत. ती लोकं थोपटत्यात. बाळाला थोपटतात तसं."

मी कर्जतला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. रविवारी मिरजगावला जायला लागले. सुकन्या सकाळी घरच्या ओसरीत बसायची. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं, त्यावर स्वच्छ फडकं. फेस, लोशन, दूध. थोपटण्याचा टप टप आवाज. झुंबरबाई चुलीपुढून बघत असायच्या.

"भाकरी थापती का तोंड धुती?" त्या म्हणायच्या.

"आई, हे जपानचं हाय."

"जपानचं म्हंजी पानीच की. हुंगून बघितलं म्या. कशाचाच वास न्हाई. पान्याला एवढं पैसं घेत्यात व्हय?"

"पाणी न्हाई गं ते."

"मग काय दूध हाय? दिसतंय तर पानीच."

पण पोरीचा चेहरा निवत होता, हे त्यांनाही दिसत होतं. मार्गशीर्ष संपता संपता पापुद्रे थांबले. लाली गालांवरून कडांना सरकली. एका रविवारी सुकन्यानं मला गाल पुढं करून म्हटलं, "हात लाव." मी बोट टेकवलं. मऊ होतं. तिचा खरा रंग खालून वर येत होता. गव्हाळ, थोडा सावळा. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बघितलेला.

"काळी दिसती ना?" तिनं विचारलं.

"तुझ्यासारखी दिसतेस."

तिनं आपला गाल बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "चालंल. फक्त सपाट पायजे. लाल नको. काळी चालंल."

तिच्या तोंडून हे ऐकायला मला सात वर्षं लागली होती.

पौषात आरती आत्याला घेऊन मेकअप बघायला आली. मी तिथंच होते. आत्या श्रीरामपूरला असतात. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी सुकन्याला खालून वर बघितलं.

"ही करणार का?" त्या आरतीला म्हणाल्या. "हिचंच तोंड अर्धं पिकल्यालं अर्धं कच्चं."

"आत्या, गप ना. ताईचा हात लई चांगला आहे."

"हात झाकून राहतो गं, तोंड दिसतं. शे-दोनशे बाया विचारतील, नवरीला कुणी सजवलं. आपण बोट कुणाकडं दाखवायचं?"

सुकन्या ब्रश पुसत म्हणाली, "लग्नापर्यंत नीट हुईल, आत्या."

"झालं तर झालं. न्हाई झालं तर श्रीरामपूरची माझ्या ओळखीची बाई बोलवून ठेवते. आन गाळ्याचं दादा बघतील. मोबाईलवाला गाळ्यासाठी मागं लागलाच आहे त्यांच्या." मग आवाज खाली आणून, जरा मायेनंच, म्हणाल्या, "पोरी, पूर्वी कशी लख्ख दिसायचीस गं. तेच लाव की परत."

सुकन्यानं आरतीच्या चेहऱ्याला हात लावला. आरतीची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. खाली बारीक लाल शिरा. सुकन्याला त्या दिसल्या, हे मला दिसलं. तिनं त्यांवर मेकअपचा बेस लावला.

त्या गेल्यावर तिनं लोशनची बाटली हातावर तोलून बघितली. बाटली पांढरी, आतलं दिसत नाही. वजनावरूनच कळायचं. दुसरी मागवायला गेलो तर त्या प्रकाराचा माल संपला होता. फाल्गुनापर्यंत येणार नाही असं दाखवत होतं.

"दुसरं कुठलंतरी घे," मी म्हटलं.

"नको. दुसरं लागलं न्हाई तर? हेच पुरवायचं. लग्नापर्यंत पुरवायचं."

घरीही ती आईला हेच म्हणाली असणार. पुढच्या रविवारी ती खुशीत होती. "पुरतंय गं. कमी कमी घेते. अजून तेवढंच वजन लागतंय."

माघ लागला. मग सुकन्याचा रडत फोन आला. शब्द नीट कळत नव्हते. दोन्ही गालांवर पुवाचे फोड आले होते. एका आठवड्यात आधी बारीक पुरळ, मग फोड. लाली परत पसरली होती. डोळे सुजले होते.

"मला तेबी लागलं न्हाई, रोहिणी," ती म्हणाली. "येवढं पाण्यासारखं, तेबी न्हाई लागलं. जगात एक वस्तू हुती."

"डॉक्टरांकडे जा. आत्ता जा."

"डॉक्टर म्हनंल थांब. माझ्याकडं थांबायला चार दिवस हायेत."

"क्रीम लावू नको. सुकन्या, ऐकतेस का?"

 तिचं रडणं थांबलं होतं. ते थांबल्याचीच मला भीती वाटली.

कॉलेजात परीक्षा चालू होती. मला सुटी मिळाली ती आरतीच्या हळदीच्या दिवशी. मी आधी सुकन्याच्या घरी गेले. ती पहाटेच आरतीकडे गेली होती. झुंबरबाई ओसरीत गहू निवडत होत्या.

"ये पोरी. च्या टाकू का?"

"मावशी, सुकन्याचा चेहरा कसाय?"

"चांगला झाला की! परवापासनं लख्ख. गोरी बी दिसायली." त्या खुश होत्या. "त्या जपानच्या पान्याचा गुन हाय. मदी जरा उठलं हुतं, पर आता बसलं."

कोनाड्यात ती पांढरी बाटली होती. मी उचलली. जड होती. दोन-अडीच महिन्यांच्या वापरानंतर जवळजवळ भरलेली.

"मावशी, ही भरलेली कशी?"

झुंबरबाई सुपातून मान वर न काढता हसल्या. "पोरगी रोज हातावर तोलायची बग. संपलं तर काय करू, संपलं तर काय करू. म्या म्हनलं, आपन शांपूच्या बाटलीत सरत आलं की पानी घालतोच की. डाळीत घालतो. हे तर पानीच हाय. रोज वाइच वाइच घालती. तिला म्हाईत न्हाई हां. सांगू नको. आनंदात हाय ती."

"कुठलं पाणी?"

"हंड्यातलं. बोरचं."

हंडा तिथंच होता. त्यावर ठेवलेल्या तांब्याच्या काठावर क्षाराचा पांढरा थर. उकळलेल्या पाण्याचं पातेलं त्याच्या शेजारी, फडक्यानं झाकलेलं. ते पाणी तोंड धुवायचं, म्हणून झुंबरबाईंनी त्याला कधी हात लावला नव्हता.

फोड त्या पाण्यानंच आले असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. मी बाटली जागेवर ठेवली. चहा घेतला. गोड होता, एवढंच आठवतं.

काकासाहेबांच्या दारात मांडव होता. हळद चालली होती. डीजेचा आवाज पोटात लागत होता. सुकन्या पिवळ्या साडीत नवरीच्या मागं उभी होती. लांबून मी तिला ओळखलंच नाही. चेहरा पांढरा, सपाट, चकाकणारा. आत्या तिचा दंड धरून कुणाला तरी सांगत होत्या, "हीच ती. आमची सुकन्या."

ती मला मांडवाच्या मागं, भांड्यांच्या गाड्याजवळ घेऊन गेली.

"बोल," ती म्हणाली. "शिव्या दे."

"किती दिवस लावतेस?"

"फोन केला त्या दिवसापासनं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ज्या क्रीमचं कुणाला नाव घेऊ देत नव्हते, ते आरतीकडनंच मागून घेतलं. तिनं पर्समधनं लगेच काढून दिलं. म्हणाली, बघ ताई, मी म्हणत नव्हते?"

मी तिला सांगायचं नाही असं ठरवून आले होते. तरी सांगितलं. "लोशन वाईट नव्हतं. आई त्यात बोरचं पाणी घालत होती. तुला पुरावं म्हणून. रोज."

डीजेवर गाणं बदललं. मांडवात पोरींचा गलका झाला. सुकन्यानं गाड्याच्या लोखंडी दांड्याला धरलं. तिच्या त्या गुळगुळीत चेहऱ्यावर काहीच हललं नाही. क्रीमनं तेही झाकलं होतं का, मला माहीत नाही.

"म्हंजे लागलं हुतं मला," ती म्हणाली. "ते लागलं हुतं."

"हो."

"मी नीट हुत हुते."

"हो."

"आन आता परत पहिल्यापासनं."



तेवढ्यात आत्या हळदीचे हात घेऊन आल्या. "इथं लपलीस व्हय? नवरीची उष्टी हळद लागल्याशिवाय तुला कोण करून घेणार गं?" आणि त्यांनी दोन्ही तळहात सुकन्याच्या गालांवर घासले. जोरात, वरून खाली. सुकन्या हसली. चिरा फुटल्या नाहीत.

संध्याकाळी मी तिला गाडीवरून घरी सोडलं.  लग्न झालं की क्रीम परत सोडते, असं ती वाटेत म्हणाली नाही. मी वाट बघत होते.

झुंबरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडं वळवला. "बगा. हळद बी कशी खुलली. म्हनत हुते ना, जपानचं पानी गुनाचं हाय. न्हाई का गं?"

सुकन्यानं आईच्या गालांवरच्या रेघांकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय आई. त्यानंच झालं."

"मग लाव की. हळदीनं कातडं वढलं आसंल."

सुकन्यानं कोनाड्यातली बाटली घेतली. ओसरीच्या पायरीवर बसली. तळहातावर पाणी ओतलं, दोन्ही हात गालांवर टेकवले आणि थोपटू लागली. टप, टप. हळदीचे पिवळे ओघळ मनगटांवरून कोपरापर्यंत आले. झुंबरबाई कौतुकानं बघत होत्या. मी गाडीची चावी हातात धरून अंगणात उभी होते.

तिचं झाल्यावर झुंबरबाईंनी बाटली तिच्या हातून घेतली. आमच्याकडं पाठ करून हंड्याजवळ गेल्या. तांब्याचा आवाज आला. सुकन्यानं तो ऐकला आणि पदरानं तोंड टिपलं.